पाणी कोण देतं? : साकाई, मिरज आणि गावचा लोहार

जपानच्या सरकारने १८७६ साली एक हुकूम काढला. सैन्य, पोलीस आणि काही समारंभी पोशाख सोडले तर कोणीही कमरेला तलवार लावून रस्त्यावर फिरायचं नाही. हा हुकूम 'हाइतोरेई' या नावाने ओळखला जातो. दोनच वर्षांनी, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरला. दोन्हींमागची कारणं निराळी. तिकडे स्वतःचंच सरकार सामुराईंना नव्या राष्ट्रात विरघळवू पाहत होतं. इकडे परकं सरकार १८५७ विसरलेलं नव्हतं. पण पोलादाला धार आणणारी जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच एका कामावर जगत होती, त्यांच्यापुढे दोन्हीकडे सारखाच प्रश्न आला. आता करायचं काय?

जपानी कारागिरांनी दिलेलं उत्तर आज जगभरच्या स्वयंपाकघरांत दिसतं. हाताने घडवलेली जपानी सुरी रुपयांत दहा-वीस हजारांना आणि त्याहून कितीतरी वर विकली जाते, आणि ती घ्यायला माणसं महिनोन्‌महिने थांबतात. आपल्याकडचं उत्तर शोधायला मी सातारा-सांगलीच्या बाहेर गेलो नाही. हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. पुढे दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. इथे शस्त्रं होती, लोखंड होतं, लोहार होते, आणि कापायला ऊस तर आजही अफाट आहे. तरीही इथली सुरी कोणी नावाने मागत नाही. कारागिराचा हात कमी पडला, हे याचं सोपं उत्तर. ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठीच हा लेख.

सुरुवात मिरजेपासून करतो.

मिरजेच्या तंबोऱ्याची कीर्ती सर्वांना माहीत आहे. ते तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, हे मात्र संगीताच्या वर्तुळाबाहेर फारसं बोललं जात नाही. 'सैकल' म्हणजे घासून चमक आणणं. अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आलेला शब्द. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घासूनपुसून त्यांना धार आणि झळाळी देणारा. पेशवाई गेली, फौजा मोडल्या. सातारा १८४८ मध्ये खालसा झालं. मिरजेला पटवर्धनांचं संस्थान राहिलं, पण त्यांच्या फौजेला लढायला रण उरलं नव्हतं. दरबारात गाणंबजावणं मात्र होतं, आणि तंतुवाद्यं उत्तरेतून यायची. ती बिघडली की दुरुस्त कोण करणार? १८५० च्या सुमारास फरीदसाहेब या शिकलगाराने ते काम हातात घेतलं आणि दुरुस्तीतून घडणीकडे वळला, असं मिरजेत सांगितलं जातं. पंढरपूरकडचे भोपळे, तुणाचं लाकूड आणि शिकलगाराचा हात यांतून मिरजेचा तंबोरा उभा राहिला.

मला यात सर्वांत लक्षणीय वाटते ती जवारी. घोडीचा पृष्ठभाग कानशीने इतका हळुवार घासायचा की तार त्याला जेमतेम स्पर्शत राहावी आणि स्वराला ती गुंजारवाची किनार यावी. कुठे केसभर जास्त घासलं तर तार मुकी होते. हातात बोटभर लांबीची घोडी आहे की हातभर लांबीची तलवार, एवढाच फरक. बाकी बोटांनी वक्रता ओळखणं, प्रकाशात पृष्ठभाग तिरका धरून पाहणं, थांबायचं केव्हा हे कळणं, हे धार लावणाऱ्याचंच कसब. ते हरवलं नाही. त्याने फक्त पोलाद सोडलं. मिरजेला त्यातून नाव मिळालं, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याच वेळी या मुलखातल्या पात्यांनी आपला सर्वांत चांगला धार लावणारा गमावला.

धार लावणारा गमावणं म्हणजे काय, हे साकाईकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

साकाई हे ओसाकाजवळचं जुनं बंदर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानात बंदुका आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ तंबाखू. तंबाखूची पानं केसासारखी बारीक चिरायला खास सुरी लागे, आणि ती साकाईत उत्तम होई; इतकी की तोकुगावा राजवटीने त्या सुऱ्यांवर गुणवत्तेचा सरकारी शिक्का मारायची मुभा साकाईला दिली. म्हणजे १८७६ चा हुकूम आला आणि तलवारवाले एका रात्रीत सुऱ्या करू लागले, ही जी गोष्ट विक्रेते रंगवून सांगतात ती अर्धीच खरी आहे. सुऱ्यांची पेठ आधीपासून उभी होती. तलवारीचं काम बंद पडलं तेव्हा रिकाम्या हातांना जायला एक जागा तयार होती.

या पेठेची घडण नीट पाहण्यासारखी आहे. साकाईत सुरी एक माणूस करत नाही. लोहार पातं घडवून पाणी देतो आणि ते काळंकभिन्न, बोथट पातं पुढच्या कारागिराकडे जातं. हा दुसरा माणूस फक्त घासतो. पाण्याखाली फिरणाऱ्या मोठ्या दगडांवर, मग हळूहळू बारीक होत जाणाऱ्या दगडांवर. तिसरा मूठ बसवतो. सर्वांत वर घाऊक व्यापारी: तो लोखंड पुरवतो, माल गोळा करतो आणि बहुतेक वेळा पात्यावर नाव कोरतो ते आपल्या पेढीचं. लोहाराचं नाव गिऱ्हाइकाला कळू लागलं ते अलीकडे. तेव्हा 'तिकडे कारागिराला मान होता, आपल्याकडे नव्हता' हेही जसंच्या तसं खरं नाही. साकाईच्या लोहाराला मानाआधी शेजार मिळाला. पलीकडच्या गल्लीत त्याच्याइतकाच चांगला घासणारा आहे, आणि दोघांचं काम ओळखणारा व्यापारी कोपऱ्यावर आहे, या भरवशावर तो आयुष्यभर एकच गोष्ट करत राहू शकला.

जपानातही खेडोपाडी विळे, कुदळी, खुरपी करणारे लोहार होते. त्यांची गत आपल्यापेक्षा फार वेगळी झाली नाही. शेतीला यंत्रं आली आणि गावोगावच्या भट्ट्या विझल्या. टिकल्या त्या साकाई, सेकी, एचिझेन, सांजो, तोसा अशा एकगठ्ठा वस्त्या. एचिझेनची मुळं तर शेतीच्या विळ्यातच आहेत. १३३७ साली क्योतोहून एक तलवार घडवणारा चांगल्या पाण्याच्या शोधात तिथे आला आणि जाता जाता शेतकऱ्यांसाठी विळे घडवू लागला, अशी तिथली दंतकथा आहे. पाण्याच्या शोधात, हे शब्द मुद्दाम लिहिले.

कारण लोखंडाच्या बाबतीत मराठीइतकी पाण्यावर भिस्त ठेवणारी भाषा माझ्या पाहण्यात नाही. आपण पात्याला पाणी देतो, पाणी पाजतो. सातारा-सांगलीच्या खेड्यात इळा 'पाजवून' आणतात. त्या शब्दातही पाजण्याची आठवण आहेच. माणूस पाणीदार असतो, एखाद्याचं पाणी जोखलं जातं, वेळ आली की पाणी दाखवलं जातं. यातलं काही मोत्याच्या पाण्यावरूनही आलं असेल, पण लोहाराच्या कुंडीचा वाटा मोठा असणार.

या पाण्यात घडतं काय? लोखंडात अगदी थोडा कर्ब मिसळला की त्याचं पोलाद होतं. पातं साधारण आठशे अंशांपर्यंत तापवलं की लोखंडाच्या स्फटिकांची रचना बदलते आणि कर्ब त्यात विरघळून जातो. ते हळूहळू निवू दिलं तर कर्ब आपल्या वाटेने बाहेर पडतो आणि लोखंड मऊ राहतं. एकदम पाण्यात बुडवलं तर कर्बाला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आत अडकतो, स्फटिक ताणले जातात, आणि पातं काचेसारखं कठीण होतं. काचेसारखंच ठिसूळही. म्हणून पुन्हा थोडी ऊब देऊन तो ताण उतरवावा लागतो. किती कठीण ठेवायचं आणि किती सोडायचं, यात लोहाराची अक्कल. हे सारं उष्णतामापक न लावता, नुसत्या रंगावर. म्हणून जपानी लोहार पाणी देताना खोली काळोखी करतो, आणि आपल्याकडचा जुना लोहार आपली भट्टी छपराच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात घालतो. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात दगा देतो.

पाणी द्यायचं तर आधी पोलाद हवं. इथे आपल्या मुलखाची एक विसरलेली गोष्ट सांगायला हवी. महाबळेश्वरच्या पठारावर जांभ्या दगडाबरोबर लोहखनिज सापडतं, आणि ते गाळणारी धावड नावाची मुसलमान जमात तिथे होती. मातीची लहान भट्टी, कातडी भाते, रानातला कोळसा, एवढ्यावर ते लोखंड काढत. एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी एकदम घडल्या. कोळशासाठी लागणारं रान सरकारने राखीव केलं, आणि विलायती लोखंड पट्ट्या-सळयांच्या रूपात बाजारात स्वस्त मिळू लागलं. धावडांच्या भट्ट्या विझल्या. आज महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

विलायती पोलादाने जपानच्या भट्ट्याही विझवल्या, हे इथेच सांगितलं पाहिजे. शिमाने प्रांतात 'तातारा' नावाच्या मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि कोळसा तीन दिवस-तीन रात्री जाळून पोलादाचा गड्डा काढत. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात तो धंदा बसला. पण १८९९ साली त्याच भागात, यासुगी इथे, पोलादाचा कारखाना निघाला होता, आणि पुढे त्या कारखान्याने हत्यारांसाठीच वेगळं पोलाद करायला घेतलं. ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून ते विकायचे त्यावरून त्याला पांढरा कागद, निळा कागद, पिवळा कागद अशी नावं पडली. पांढऱ्यात जवळजवळ निव्वळ लोखंड आणि कर्ब, निळ्यात क्रोमियम-टंगस्टनची भर. लोहाराला आपल्या हाती काय आहे ते नेमकं कळतं. शिवाय १९७७ मध्ये तलवारींच्या जतनासाठी झटणाऱ्या संस्थेने एक तातारा पुन्हा पेटवली. दर खेपेला सुमारे दहा टन लोहवाळू आणि बारा टन कोळसा घालून अडीच टनांचा गड्डा निघतो. बाजाराच्या हिशेबात हा वेडेपणा आहे. पण त्यामुळे भट्टीचा रंग ओळखणारी माणसं तिथे अजून आहेत.

सातारा-सांगलीच्या लोहाराच्या हाती काय येतं? भंगार. त्यातही त्याची पहिली पसंती ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याला.

हे लिहिताना त्याची कीव करायचा माझा बेत नाही, कारण पाट्याची निवड अतिशय शहाणपणाची आहे. कृष्णाकाठच्या एका गावात मी कोयता होताना पाहिला तेव्हा हे नीट समजलं. लोहार साठीच्या पुढचा. पाटा तापवून छिन्नीने उभा तोडला, घणाखाली लांबवला, पुढच्या टोकाला बाक दिला, मुठीत जायचं टोक काढलं. धारेच्या बाजूने ठोकत ठोकत पातं पातळ केलं. मग शेवटचा ताव. पातं सबंध न बुडवता त्याने फक्त धारेची कड कुंडीतल्या पाण्यात धरली. पाठ लालच राहिली. बाहेर काढून विटेच्या तुकड्याने कडेवरची काळी खपली घासली आणि उजळलेल्या पट्टीकडे बघत बसला. पाठीत उरलेली ऊब हळूहळू धारेकडे सरकते आणि तिच्याबरोबर रंग धावत येतात: पुढे फिकट पिवळा, त्याच्या मागे तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा धारेशी पोचून गवताच्या काडीसारखा गडद होऊ लागला तसं त्याने सगळं पातं पाण्यात सोडलं. पुस्तकी हिशेबाने ते तापमान दोनशे वीस-तीस अंशांच्या आसपास. त्याने आकडा सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

याच पात्याला जपानी सुरीइतकं कठीण का करायचं नाही? कारण ऊस. उसात साखर सर्वांत जास्त बुडख्याकडे असते, म्हणून तोड जमिनीलगत व्हावी लागते. तिथे कोयता उसाच्या कांड्याबरोबर मातीवर, खड्यावर, ढेकळावर बसतो, दिवसात हजारो वेळा. मासा कापायची जपानी सुरी तिथे पहिल्या तासातच दातेरी होईल. स्प्रिंगच्या पोलादात कर्ब पांढऱ्या कागदाच्या साधारण निम्मा, पण वाकून परत सरळ होण्याचा गुण त्याच्या अंगीच. लोहाराने भंगारातून जे निवडलं ते त्या कामासाठी धातुशास्त्रज्ञानेही निवडलं असतं.

आणि हा कोयता नुसतं हत्यार नाही. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तो माणसं मोजायचं माप आहे. ऊसतोडीला मराठवाड्यातून आलेलं नवराबायकोचं जोडपं म्हणजे 'एक कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. जगात दुसरीकडे कुठे माणसांची गणती पात्यांत होत असेल तर मला ठाऊक नाही. शहरी वाचकाला कोयता आठवतो तो पुण्याच्या वर्तमानपत्रांतल्या टोळ्यांमुळे. त्या शब्दाची बदनामी झाली तीही ज्यांनी तो कधी उसाला लावला नाही त्यांच्याकडून.

ऐरणीपाशीही जोडपंच असतं. घिसाडी या भटक्या लोहार जमातीचं पाल गावाबाहेर पडतं तेव्हा पाहावं. नवरा खाली बसून सांडशीने लोखंड धरतो आणि बोटभर हातोडीच्या टिचकीने जागा दाखवतो. उभी राहून घण घालते ती बायको. पातं सरळ होतं ते तिच्या तालावर. जपानीत संभाषणात हुंकार देण्याला 'आइझुची' म्हणतात, म्हणजे समोरून पडणारा जोडघण. लोहाराच्या ठोक्याला साथीदाराने ठोक्याने उत्तर द्यायचं, तसं बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याने. तिथे तो साथीदार शिकाऊ मुलगा असे आणि आता बहुतेक ठिकाणी यांत्रिक घण आहे. आपल्याकडे लोहाराच्या संसारावर 'साधी माणसं' हा चित्रपट १९६५ मध्ये निघाला आणि त्यातलं ऐरणीचं गाणं घराघरांत गेलं. गाणं राहिलं. घण घालणाऱ्या बाईला कारागीर म्हणायची मात्र अजून कोणाची तयारी नाही. लोहार म्हटलं की आपल्याला पुरुषच दिसतो.

आता मूळ प्रश्न. एवढं कसब असून इथे साकाई का झालं नाही?

मला कारण दिसतं ते गावगाड्याच्या रचनेत. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला तेव्हाच बलुत्याची पद्धत खिळखिळी झाली होती, पण तिचा सांगाडा त्यांनी स्पष्ट दाखवला. लोहार थोरल्या ओळीतला बलुतेदार. दर गावाला एक घर, फार तर भाऊबंदकीत वाटलेली दोन-तीन. लोखंड आणि कोळसा बहुधा कुणब्याचा, मेहनत लोहाराची, मोबदला सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात. या व्यवस्थेचं कौतुक करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिने कसबी माणसं गावोगाव एकेकटी पेरून ठेवली. लोहाराचा शेजारी लोहार नसे. त्याने नांगराचा फाळ करायचा, कुळवाची पास करायची, गाडीच्या चाकाला धाव बसवायची, विळे-खुरपी पाजवायची आणि स्वयंपाकघरातली विळीही करून द्यायची. चांगल्या धारेला आणि बऱ्या धारेला पेंढ्या सारख्याच. गावाला दुसरा लोहार करता येत नाही आणि लोहाराला दुसरं गाव करता येत नाही. यात उपाशी कोणी मरत नाही, हे खरं. पण फक्त पातं करणारा, त्यात पिढ्या घालवणारा माणूस या व्यवस्थेत निपजूच शकत नाही. आणि जो एक वर्ग फक्त धारेवर जगत होता, तो शिकलगारांचा, तलवारीवर अवलंबून होता, विळीवर नाही. तलवार गेली तेव्हा त्याला सुरीच्या पेठेत जायला वाट नव्हती, कारण तशी पेठच नव्हती. म्हणून तो तंबोऱ्याकडे गेला. जात आडवी होती ती होतीच: शिकलगार आणि गावचा लोहार एका कामाची दोन टोकं असून एका पंगतीत, एका गल्लीत कधी आले नाहीत.

दरबारी शस्त्रांचीही गंमत आहे. मराठ्यांच्या नावाजलेल्या तलवारींत फिरंग मोठी, आणि फिरंगेचं पातं बहुधा युरोपातून आलेलं. इथे चढवली ती मूठ. उत्तम पातं परदेशाहून यावं ही खोड जुनी आहे.

पुढचा धक्का घरातूनच आला. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापायचं यंत्र काढलं, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणून सुरुवातीला शेतकरी त्याला शिवत नव्हते, हे सर्वांना पाठ आहे. त्याच नांगराने गावच्या लोहाराचं काय केलं, ते फारसं कोणी लिहिलेलं नाही. फाळ झिजला की तो ऐरणीवर न्यायचा नाही, नवा विकत आणायचा. बलुत्यातलं सर्वांत नियमित काम निघून गेलं. किर्लोस्करवाडीच्या मासिकांवर वाढलेल्या घरातला मी; त्या कारखान्याबद्दल मला आदरच आहे. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

आणि मग स्वयंपाकघरात ओटा आला. विळीचं शास्त्र सुरीच्या अगदी उलट. सुरीत भाजी स्थिर आणि पातं फिरतं. विळीत पातं स्थिर, भाजी दोन्ही हातांनी त्यावर चालवायची. पातं कितीही जाड आणि जड असलं तरी चालतं, कारण ते हातात धरायचंच नसतं. गावचा लोहार घडवू शकेल असं हे नेमकं पातं. बाई जमिनीवरून ओट्याशी उभी राहिली ही चांगलीच गोष्ट झाली, गुडघ्यांना विचारा. पण तिच्या हाती आली ती पत्र्यातून ठोक कापलेली स्टीलची सुरी, जी बोथट झाली की टाकायची. जपानी बाईही बसायची सोडून उभी राहिली, मात्र तिच्या ओट्यावर लोहाराच्या पात्याला जागा राहिली. तिथे सुरीला 'होचो' म्हणतात, आणि तो शब्द आला एका चिनी आचाऱ्याच्या नावावरून. चुआंगत्सूच्या ग्रंथातला हा आचारी बैलाच्या सांध्यांमधल्या पोकळीतून सुरी अशी फिरवतो की एकोणीस वर्षांत तिला पाजवावं लागत नाही.

आपल्याकडे पाजवायला आज येतो तो सायकलवर चाक लावलेला धारवाला किंवा बाजारातला विजेचा ग्राइंडर. कोरड्या चाकावर पातं सुळकन घासतं, ठिणग्या उडतात, आणि धारेची कड क्षणभर निळी पडते. तो निळा रंग म्हणजे पाणी उतरल्याची खूण. लोहाराने पिवळ्यावर थांबवलेला रंग चाकाने निळ्यावर नेला. आठवड्यात विळी पुन्हा बोथट, आणि ठपका मात्र लोहारावर. कृष्णाकाठच्या त्या लोहाराचं एवढंच मागणं होतं की कोयता विकत नेणाऱ्याने तो ओल्या दगडावर पाजवावा. साकाईत पाण्याखाली दगड फिरतो तो याच कारणासाठी.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली आणि ती पाहायला रांगा लागल्या. ती खरी कोणती यावर भरपूर वाद झाला. ती घडवली कोणी, यावर एकही शब्द माझ्या वाचनात आला नाही.

जपानने १९७४ मध्ये पारंपरिक कारागिरीसाठी कायदा केला. एखाद्या प्रदेशाच्या कामाला मान्यता हवी तर परंपरा शंभरेक वर्षांची हवी आणि त्या भागात साधारण दहा पेढ्या किंवा तीस माणसं ते काम करत असायला हवीत. म्हणजे कायदाही शेजार मोजतो. एचिझेनला ही मान्यता १९७९ मध्ये मिळाली, साकाईला १९८२ मध्ये. आणि १९९३ मध्ये एचिझेनच्या लोहारांनी एकत्र येऊन एकाच छपराखाली भट्ट्या थाटल्या, जिथे पाहुणा वरच्या सज्जातून खालचं काम पाहू शकतो. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला, मिरजेच्या तंबोऱ्याला आपल्याकडे भौगोलिक मानांकन आहे. त्या यादीत कोयता नाही.

तो असावा, अशी मागणी करण्याआधी तीस माणसं तरी आहेत का हे बघावं म्हणून मी एक वही केली आहे. कऱ्हाड, कोरेगाव, विटा, तासगाव या बाजारांतून फिरतो. खंडेनवमीच्या आधीचे दिवस त्याला बरे, कारण हंगाम तोंडावर असतो आणि भट्ट्या पेटलेल्या असतात. चैत्रात गेलं तर बहुतेक ठिकाणी राख. वहीत रकाने आहेत: नाव, गाव, वय, घण कोण घालतं, पाणी कोण देतं, शिकणारं कोणी आहे का. घणाच्या रकान्यात बायकांची नावं लिहायला सुरुवातीला घरातले पुरुष संकोचले, आता सांगतात. काही जणांनी कारखान्यात नोकरीला गेलेल्या मुलाचं नाव शिकणाऱ्याच्या रकान्यात घालायला लावलं आहे. तो सुट्टीला येतो तेव्हा भाता फुंकतो म्हणून.